लातुरात मी भांडी तपासायचो

मुलगी अकरावीला लातूरला जाणार हे ठरलं, तेव्हा तिच्यासोबत तिची आई जाईल असं आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आमच्या भोकरकडून दरवर्षी कितीतरी पोरं लातूरच्या शिकवण्यांना जातात आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया जातात. एक खोली घेतात, दोन वर्षं स्वयंपाक करतात, डॉक्टरकीची परीक्षा झाली की गावाकडे येतात. पण माझी बायको एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिला दोन वर्षांची रजा कोण देणार? शेत मात्र धाकट्या भावाच्या हवाली करता येण्यासारखं होतं. तेव्हा एका रविवारी जेवता जेवता बायको म्हणाली, "तुम्हीच जा."

"मी? मी तिथं जाऊन काय करू?"

"तिच्यासोबत राहा. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' ह्याला कारण होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा गॅसवर चहा ठेवला आणि अंगणात भावाशी सोयाबीनच्या बियाण्याबद्दल बोलत बसलो. दुसऱ्यांदा दूध ठेवलं आणि थेट शेतावर गेलो. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात मला फक्त जेवायची परवानगी आहे. लातूरच्या खोलीत गॅसच घ्यायचा नाही, हे बायकोने मुलीकडून वचन घेऊन पक्कं केलं. खानावळीचा डबा लावला आणि आम्ही दोघं बापलेक निघालो.

घर दुमजली होतं. खाली घरमालकीण मावशी आणि त्यांचे मिस्टर, वर ओळीने पाच खोल्या, समोर लांब व्हरांडा. मिस्टरांचं बाजारात किराण्याचं दुकान होतं, ते दिवसभर तिकडेच. घर मावशींच्या हुकमतीत. साठी ओलांडलेली, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज असा की खाली पुटपुटल्या तरी गच्चीवर ऐकू यावं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर उभं करून नियम सांगितले. पाणी जपून वापरायचं. चपला जिन्याखाली. "आन् दादा, मटण-अंडं ह्या घराची पायरी चढलेलं न्हाई. चढणार बी न्हाई. हाव का?"

"हाव मावशी," मी म्हणालो.

बाकी चारही खोल्यांत आया होत्या. चाकूरची एक, अहमदपूरची एक, उदगीरची एक आणि आणखी एक. मी तीन नंबरच्या खोलीत. व्हरांड्यात बायकांच्या गप्पा रंगात आलेल्या असायच्या. मी दार उघडलं की गप्प. मी आत गेलो की परत सुरू. माझं नाव कुणी विचारलं नाही. पोरी आपसात 'तीन नंबरचे पप्पा' म्हणायच्या, मग त्यांच्या आयाही म्हणायला लागल्या, आणि शेवटी मावशींचे मिस्टरसुद्धा. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला जिन्यात पप्पा म्हणायचा.

खानावळीच्या काकू अकरा वाजता स्कूटीवर डबा आणून द्यायच्या. मुलगी शिकवणीहून परत यायची तीनला. उन्हाळ्यात त्याचं काही वाटलं नाही. पण दिवाळीनंतर लातूरला चांगलीच थंडी पडते. तीनपर्यंत भाताची ढेप व्हायची, वरणावर साय धरायची, आणि मुलगी दोन घास खाऊन पुस्तक उघडायची. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बायको तिचा चेहरा बघायची आणि फोन माझ्याकडे द्यायला सांगायची. पुढचं बोलणं मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ऐकायचो.

त्याच दिवसांत अहमदपूरच्या बाईंच्या मुलीने, तडकाफडकी, डॉक्टर न होता वकील व्हायचं ठरवलं. पहिला दावा तिने आईवरच लढवला आणि जिंकला. मायलेकी सामान आवरायला लागल्या. कूलर एकाने घेतला, गाद्या दुसऱ्याने. त्यांच्याकडे एक मायक्रोवेव्ह ओव्हन होता. त्या बाई माझ्या दारात आल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलल्या. "भाऊ, हा तुम्ही घ्या. ह्याला गॅस लागत न्हाई, जाळ न्हाई, काही न्हाई. नुसतं बटन दाबायचं. तुम्हाला बी जमंल."

त्यातला 'बी' मला कळला, पण मी ओव्हन घेतला. वापरायचा कसा ते त्यांनी सांगितलंही. नेमका त्याच वेळी त्यांचा पलंग जिन्यात अडकला आणि मी तो धरायला धावलो. त्यामुळे अर्धं ऐकलं, अर्धं राहिलं. जे राहिलं तेच महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच मिनिटं कमी असताना मी खानावळीचा तीन पुडाचा स्टीलचा डबा, कडीसकट, अख्खा ओव्हनमध्ये ठेवला. मांडणी मला फार आवडली. डबा अगदी मापाचा बसला होता. बटण दाबलं. ओव्हन गुणगुणायला लागला, आतला दिवा लागला. आणि मग कडीपाशी चट् चट् करून निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. मी बटण शोधत बसलो नाही. भिंतीतून वायरच उपटली.

मुलगी आली तेव्हा मी पलंगावर बसलो होतो आणि वायर माझ्या हातात होती.

"पप्पा, स्टील घातलं?"

"डबाच स्टीलचा आहे. मग काय पितळेचा घालू?"

"कुठलाच धातू घालायचा नसतो!"

तिने डबा उघडला. वरण जसं होतं तसंच गार. मला राग आला तो ह्याचा. एवढी आतषबाजी करून वरण गारच राहावं?

"ह्याच्यात जाळ नसतो," मुलगी दप्तर उतरवत म्हणाली. "लहरी असतात. रेडिओच्या असतात त्याच जातीच्या, फक्त आखूड. त्या धातूवर आपटल्या की माघारी फिरतात. तुम्ही वरणाला चारी बाजूंनी कुलूप लावलं होतं. लहरी आत गेल्याच नाहीत. आणि कडीच्या बारीक टोकापाशी वीज गोळा झाली, म्हणून ठिणग्या."

मी जरा विचार केला. "पण हा ओव्हनही आतून पत्र्याचाच आहे की."

मुलीने माझ्याकडे नव्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "हो. म्हणूनच तर लहरी बाहेर येत नाहीत. आतल्या आत आपटत फिरतात. दाराच्या काचेत ही जाळी दिसते ना? तिच्या भोकांतून उजेड येतो, लहरी येत नाहीत. त्या असतात अर्ध्या वितीएवढ्या. एवढ्याशा भोकातून कशा निघतील?"

"मग वरण तापतं कशाने?"

तिला भूक लागली होती आणि मला शिकायची हौस आली होती. तिने वरण एका काचेच्या वाटीत ओतलं, वर काचेची ताटली झाकली, दीड मिनिट लावलं आणि ते फिरत असताना मला सांगितलं. पाण्याच्या कणाला एक अंग अधिक विजेचं असतं, एक उण्या विजेचं. लहरीची दिशा बदलली की कण तिच्याकडे तोंड करायला वळतो. तोवर ती पुन्हा बदलते, मग तो पुन्हा वळतो. एका सेकंदात अब्जावधी वेळा. ह्या धडपडीत शेजारच्या कणांना धक्के बसतात, आणि तीच उष्णता. काचेत पाणी नसतं, म्हणून वाटी स्वतःहून तापत नाही. वरण तापलं की त्याच्या संगतीने तेवढी गरम होते.

मला आमच्या ग्रामपंचायतीतले दोन मेंबर आठवले. वारा बदलेल तसं तोंड फिरवणारे. तेही बैठकीत बरीच उष्णता निर्माण करायचे. मी ते बोललो. मुलगी हसली नाही, पण त्या दिवशी वरण-भात सगळा संपवला. मी तिच्या समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत होतो. संध्याकाळच्या फोनवर ही बातमी बायकोला मी दोनदा सांगितली.

पुढच्या शनिवारी बायको आली. येताना तिने ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि ठेचा आणला. ती रविवारी दुपारच्या गाडीने गेल्यावर संध्याकाळी मी मोठ्या आत्मविश्वासाने दोन भाकऱ्या दीड मिनिट लावल्या. बाहेर काढल्या तेव्हा अगदी मऊ, वाफाळलेल्या, घरभर ज्वारीचा वास. मुलीला हाक मारली. ती हात धुऊन येईपर्यंत भाकऱ्यांची कौलं झाली होती. तोडायला गेलो तर ताटलीच वाकायची पाळी.

ह्या प्रकरणात मला चाकूरच्या बाईंनी वाचवलं. भाकरी ताटलीवर आपटल्याचा आवाज ऐकून त्या स्वतःच दाराशी आल्या. त्यांच्या भावाकडे पुण्याला असा ओव्हन होता. "अहो पप्पा, तिच्यातलं समदं पाणी उडवलं की तुम्ही. ओल्या फडक्यात गुंडाळा, वीस सेकंद लावा, बास. आन् काढली की लगेच खायची, बघत बसायचं न्हाई." एवढं बोलून त्या गेल्या. पण दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तेव्हा व्हरांड्यातल्या गप्पा थांबल्या नाहीत. बायकांनी मला भाकरीबद्दल विचारलं. मी सांगितलं. सगळ्या हसल्या, आणि उदगीरच्या बाईंनी बसायला पाट सरकवला.

तिथून माझं नाव झालं. एक नंबरला दूध कोमट करून हवं, चार नंबरला रात्रीची भाजी. मी सगळ्यांना मुलीकडून ऐकलेलं सांगायचो, आणि मला ऐकायला मिळालं त्याहून थोडं जास्तच सांगायचो. अन्न आतून तापतं आणि मग बाहेरून, असं मी एकदा ठासून सांगितलं. मुलीने ते अभ्यास करता करता ऐकलं आणि खोलीतूनच ओरडली, "खोटं आहे! लहरी बाहेरून इंचभर आत जातात, पुढे उष्णता आपली आपण सरकते. म्हणून मधे काढून ढवळायचं!" बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, तेच तर मी सांगत होतो.

एक दिवस मावशी स्वतः जिना चढून आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा वर येत नसत. ओव्हनभोवती एक चक्कर मारली, वरून हात फिरवला. "काय करायलाव दादा ह्याच्यात?"

"काहीही गरम होतं मावशी. चहा गरम करून दाखवू?"

"थांबा," म्हणाल्या आणि खाली जाऊन दोन कप घेऊन आल्या. पांढरेशुभ्र, काठाला सोनेरी रेघ. "माझ्या लेकाच्या लग्नातला सेट हाय. चिनी मातीचा. चालंल का?"

धातू नको, काच आणि चिनी माती चालते, हे मला आता पाठ होतं. "चिनी माती म्हणजे एकदम योग्य," मी म्हणालो. सकाळी टपरीवरून आणलेला, गार झालेला चहा दोन्ही कपांत ओतला, ठेवले, बटण दाबलं. मावशी काचेला नाक लावून उभ्या. आणि कपांच्या काठावरून ठिणग्या गोल गोल पळायला लागल्या. दोन्ही कपांवर एकदम. खरं सांगायचं तर ते दिसायला सुंदर होतं.

"अगं बाई शिवा!" मावशी मागे सरकल्या त्या माझ्या पायावर.

ओव्हन बंद करून कप काढले. सोनेरी रेघ जागोजागी काळी पडून उडाली होती. मावशींनी कप पदराने पुसला, पुन्हा पुसला. मग दोन्ही कप घेऊन खाली गेल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"ती रेघ सोन्याची असते पप्पा," मुलगी संध्याकाळी म्हणाली. "खऱ्या सोन्याचा पातळ थर असतो. सोनं धातू आहे की नाही?"

"सोनं धातू आहे हे मला माहीत आहे. रेघ सोन्याची आहे हे कुणाला माहीत होतं?"

"विचारायचं ना मग."

तीन दिवस मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. पाण्याची मोटर लावायची वेळ झाली की उदगीरच्या बाईंना हाक मारून सांगायच्या, "पप्पाला सांगा, टाकी भरायली म्हणून." मी चार पावलांवर उभा असायचो. चौथ्या दिवशी मी मुलीला घेऊन खाली गेलो आणि माफी मागितली. मुलीने त्यांना एक युक्ती सांगितली. कुठलंही भांडं चालतं की नाही हे आधीच तपासता येतं. रेघ, नक्षी, कडी, काहीही धातूचं असलं तर ते सरळ बाजूला ठेवायचं. बाकीचं रिकामं भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं आणि शेजारी काचेच्या पेल्यात पाणी. एक मिनिट लावायचं. पाणी गरम आणि भांडं गार, तर भांडं चांगलं. भांडंच तापलं, तर ते कामाचं नाही. आणि पाण्याचा पेला विसरायचा नाही, कारण आत लहरी शोषायला काही नसलं तर ओव्हनलाच त्रास होतो.

मावशींनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळी आणते माझी भांडी."

दुसऱ्या दिवशी पोरी शिकवणीला गेल्या आणि व्हरांड्यात बाजार भरला. मावशींचं पाहून वरच्या तिघीही आपापली भांडी घेऊन आल्या. मी ओव्हन दाराजवळ ओढला, पाण्याचा पेला भरला, कानाला मार्कर पेन खोचलं. आयुष्यात मला कुणी कुठल्या पदावर बसवलं नव्हतं. तालुक्याच्या सोसायटीच्या निवडणुकीत मी एकदा पडलो आहे. त्या सकाळी मात्र लातुरात चार बायका माझ्या निर्णयासाठी हातात भांडी घेऊन रांगेत उभ्या होत्या.

जर्मनची भगुली मी हात न लावताच परत पाठवली. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, धातूच. तांब्याचा तांब्या तसाच. लोणच्याची चिनी मातीची बरणी पास झाली. पाणी गरम, बरणी गार. चाकूरच्या बाईंनी लग्नात आलेल्या फुलाफुलांच्या ताटल्या आणल्या, चिनी मातीसारख्याच दिसणाऱ्या, पण हलक्या. मिनिटभराने मी ताटली उचलायला गेलो आणि हात चटकन मागे घेतला. ताटली चटका देणारी आणि पेल्यातलं पाणी कोमटच. ती मेलामाइनची होती, असं मुलीने नंतर सांगितलं. त्यावर मी फुली मारली. चाकूरच्या बाई नाराज झाल्या, कारण त्या ताटल्यांचा अख्खा संच होता. मातीचा एक कुल्हड आला, झिलई नसलेला. रात्री त्यात पाणी भरून ठेवलं होतं. ते मातीत मुरलेलं. कुल्हड सपाटून तापला. फुली. श्रीखंडाचा रिकामा डबा एका बाजूने बसला आणि तसाच तिरका राहिला. त्यावर फुली मारायचीही गरज नव्हती.

मावशींनी सगळ्यात शेवटी एक जाड काचेचा बाऊल पुढे केला. साधा, जुना, काठाला एक टवका गेलेला. मी तो फिरवून फिरवून बघितला. कुठे रेघ नाही, नक्षी नाही. मिनिटभर लावला. पाणी कडक गरम, बाऊल गार.

"पास," मी म्हणालो.

"हा माझ्या आईचा," मावशी म्हणाल्या. "कोनाड्यात नुसताच पडला होता. कुणी विचारत नव्हतं." आणि मग, चार दिवसांनी पहिल्यांदाच, थेट माझ्याकडे बघून, "लई हुशार झालाव की दादा."

तपासणीचं काम महिनाभर चाललं. शेजारच्या घरांतल्या आयाही भांडी घेऊन यायला लागल्या. मी भांड्याच्या बुडाला टिक किंवा फुली मारायचो. बायकोला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं फोन कटला. ती हसत होती.

फेब्रुवारीत मुलीच्या डोळ्यांखाली काळं आलं. बायको म्हणाली, "हिमोग्लोबिन कमी वाटायलंय. तिला रोज एक अंडं द्या." मी घरमालकिणीचा नियम सांगितला. "नर्स मी आहे," बायको म्हणाली. "बाकीचं तुम्ही बघा."

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी चौकातून एक अंडं घेतलं, एकच, आणि कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात घालून जिना चढलो. मावशी ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. "काय दादा, छातीला हात कामून लावलाव? दुखायलंय का?" मी म्हणालो, नाही, थंडी आहे. उन्हं चांगलीच तापलेली होती.

मुलीला मी विचारू शकलो असतो. पण अंडं शिजवायचं कसं असं विचारलं असतं तर तिने बाहेरच काढायला लावलं असतं. नियमाच्या बाबतीत ती तिच्या आईवर गेली आहे. तेव्हा मी माझ्या अनुभवावर विसंबलो. आमचाच काचेचा बाऊल, पास झालेला. त्यात पाणी. पाण्यात अंडं. भांडं योग्य, पाणी योग्य, धातू कुठेही नाही. पाच मिनिटं.

साडेतीन मिनिटांनी ओव्हनचं दार आपोआप उघडलं. त्याआधी धडाम असा आवाज झाला. बाऊल शाबूत होता. पण अंडं आतल्या छताला होतं, भिंतींना होतं, दाराच्या जाळीवर होतं आणि थोडं माझ्या चष्म्यावर होतं.

व्हरांड्यात दारं उघडल्याचे आवाज आले. जिन्यावर मावशींची पावलं, गुडघ्यांची पर्वा न करता. "काय फुटलं? काय झालं दादा?"

"बटाटा," मी म्हणालो.

मावशी आत आल्या. ओव्हनमध्ये वाकून बघितलं. मग बोटाच्या चिमटीने दाराच्या कडेचा एक पांढरा तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. "बटाट्याला टरफल?"

मावशींनी तो तुकडा कागदावर ठेवला आणि खाली गेल्या. दारातल्या बायका एकमेकींकडे बघत आपापल्या खोल्यांत शिरल्या. मी पलंगावर बसून खोलीतलं सामान डोळ्यांनी मोजायला लागलो. कुठल्या टेम्पोत मावेल, दोन वर्षांची शिकवणी अर्ध्यावर असताना दुसरी खोली कुठे मिळेल, मुलीला काय सांगायचं. लाज वाटत होती ती खोटं बोलल्याची, आणि तेही इतकं वाईट खोटं.

अर्ध्या तासाने मावशी परत वर आल्या. त्यांच्या हातात एक काचेची वाटी होती, बुडाला माझीच टिक. वाटीत पाणी आणि लिंबाच्या फोडी.

"हे ठेवा त्याच्यात. चार-पाच मिनिटं उकळू द्या आन् दार लावूनच ठेवा. वाफंनं समदं सुटतं. मग फडक्यानं पुसा. वास बी जातो."

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?"

त्या पलंगाच्या टोकाला टेकल्या. "तुमच्या आधी ज्या बाईचा हा डबा होता ना, तिनं बी फोडलं होतं. तिच्या आधी ह्याच खोलीत एक होती, तिनं कुकरात लपवून शिजवलं. दर साली एक अंडं फुटतं दादा माझ्या घरात. लेकरं सुकत्यात, माय-बाप तरी काय करतील?" मग जरा थांबून, आवाज नेहमीसारखा करून, "पण खोटं कामून बोललाव?"

"चुकलं मावशी."

"गच्चीवर विटांची चूल हाय. जुनं भगुलं बी हाय तिथं. गुडघ्यामुळं मी काही गच्चीवर जात न्हाई. तिथं काय शिजतं ते मला दिसत न्हाई." त्या उठल्या. "पण घरात आणू नका. तिथंच खा म्हणावं पोरीला."

संध्याकाळी मुलीने मला कवच आणि वाफ समजावून सांगितली. अंड्यात पाणी असतं, पाणी तापून वाफ होते, वाफेला निघायला वाट नसते. मग ती वाट करते. तुमच्या हातात असताना फुटलं असतं तर, एवढंच ती म्हणाली. मग तिने माझा चष्मा काढून घेतला आणि स्वतःच्या ओढणीने पुसून दिला.

त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ मी गच्चीवर रोज सकाळी अंडं उकडलं. चुलीला काड्या घालत तिथेच बसून राहायचो, कुठेही जायचो नाही. मुलगी कठड्याला टेकून, एका हातात नोट्स धरून खायची.

परीक्षा झाली. मुलीला डॉक्टरकी मिळाली नाही. थोडक्यासाठी गेली. ती पंधरा दिवस कुणाशी बोलली नाही, आणि मग एके सकाळी फिजिओथेरपीचा फॉर्म भरायचा आहे म्हणाली. आता नांदेडला शिकते, आणि सुट्टीत आली की माझा खांदा पिरगाळून विचारते, इथे दुखतं का. दुखत नसलं तरी पिरगाळल्यावर दुखतं.

ओव्हन आम्ही भोकरला आणला. बायको चारच्या सुमाराला केंद्रावरून येते. सकाळी तिनेच केलेली भाजी मी काचेच्या बाऊलमध्ये काढतो, झाकतो, मिनिटभराने थांबवून ढवळतो, पुन्हा लावतो, आणि काढल्यावर दोन मिनिटं तसंच राहू देतो. भाकरी ओल्या फडक्यात. पहिल्या दिवशी तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जेवायला बसली. मी समोर उभा होतो. अर्धी भाकरी झाल्यावर ती म्हणाली, "ठेचा काढायचा राहिला."

मी ठेचा आणायला आत गेलो.